नाशिकमध्ये स्प्रिंट मारायला जागा कशी शोधायची (नवीन पोरापोरींसाठी)

नाशिकमध्ये कुणालाही विचारा की पळायला कुठे जाऊ, तो तुम्हाला गंगापूर धरणाकडचा रूट सांगेल नाहीतर गोल्फ क्लबला चकरा मारा म्हणेल. त्यात त्याची काही चूक नाही, आपलं गावच लांब पळणाऱ्यांचं आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० ला दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरचं ब्राँझ आणलं, मग संजीवनी जाधव, मोनिका आथरे, त्यामुळे इथे पळणं म्हणजे किलोमीटर असंच डोक्यात बसलंय. पण तुम्हाला १०० नाहीतर २०० मीटर मारायचे असतील, शाळा-कॉलेजच्या स्पर्धेसाठी म्हणा, पोलीस भरतीसाठी म्हणा की फुटबॉल-क्रिकेटसाठी स्पीड वाढवायचा म्हणून म्हणा, तर ह्या सल्ल्याचा काडीचा उपयोग नाही. स्प्रिंटवाल्याला लांब रस्ता नको असतो. त्याला सरळ, सपाट, रिकामा पट्टा हवा असतो, आणि पुढे थांबायला जागा.

मी सिडकोत राहतो, १००-२०० मारतो, शहरातली बरीच मैदानं पायाखालून गेलीत. नवीन कुणी विचारलं की मी जे सांगतो ते इथे एकदाच सगळं लिहून टाकतो.

१. आधी किती मीटर लागतात ते ठरवा

नवीन माणूस ४०० मीटरचा लाल ट्रॅकच शोधत बसतो आणि तो घरापासून लांब पडला की प्रॅक्टिसच सुरू करत नाही. अरे पण सुरुवातीला तुमची बहुतेक प्रॅक्टिस २० ते ६० मीटरच्या आतच असते. हिशोब बघा:

- फक्त स्टार्ट आणि वेग पकडणं: ३० मीटर धाव, पुढे २० मीटर थांबायला. म्हणजे ५० मीटर.
- टॉप स्पीडचं काम: ३० मीटर वेग घ्यायला, २० मीटर फुल्ल, मग ३० मीटर हळूहळू कमी करायला. म्हणजे ८०.
- पूर्ण १०० मीटर: पुढचे थांबायचे धरून १३०.

८० मीटर सरळ पट्टा मिळाला तरी आठवड्यातलं बरंचसं काम तिथेच होऊन जातं, ट्रॅकवर एखाद दिवस गेलात तरी चालतं. माझं तर स्पष्ट मत आहे की घरापासून १० मिनिटांवरचं बरं मैदान हे पाऊण तासावरच्या भारी ट्रॅकपेक्षा चांगलं, कारण तिथे तुम्ही खरंच जाल.

थांबायच्या जागेवर लोक सगळ्यात जास्त कंजुषी करतात. मैदान मोजायचं, बरोबर १०० भरलं की खूष, आणि लाइनच्या पुढे ५ मीटरवर कंपाउंडची भिंत. मग काय होतं, एकतर शेवटचे १५-२० मीटर तुम्ही भीतीने आधीच ब्रेक मारता, म्हणजे १०० ची प्रॅक्टिस झालीच नाही, किंवा मग एकदम थांबता आणि मांडीमागची हॅमस्ट्रिंग धरते. भिंत, तारेचं कुंपण, नाला, पार्क केलेल्या गाड्या यातलं काहीही समोर असेल तर तिथून ३० मीटर मागे तुमची फिनिश लाइन, विषय संपला.

२०० वाल्यांना वळण लागतं. ४०० च्या स्टँडर्ड ट्रॅकचं वळण साडेछत्तीस मीटर त्रिज्येचं असतं. शाळेच्या मैदानात फक्कीने आखलेला २०० मीटरचा ओव्हल फार आवळ असतो, त्यावर फुल्ल स्पीडने वळलात तर घोटा आणि आतल्या बाजूचा गुडघा बोलायला लागतो. तिथे वळणावर नुसता टेम्पो (म्हणजे फुल्लपेक्षा कमी, एकसारख्या वेगाने) पळा, फुल्ल फक्त सरळ भागात.

२. जमीन कसली आहे

डांबरी रस्ता, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक: नको. सकाळी रस्ता रिकामा असतो, सपाट पण असतो, मोह होतो, पण नडगी दुखायला लागली की आठवडेच्या आठवडे जातात. वर कुत्री आणि दूधवाल्यांच्या गाड्या. फुल्ल स्पीडमधल्या माणसामागे कुत्रं लागतंच लागतं, जॉगिंगवाल्याला एकवेळ सोडून देईल.

गवत असेल तर नवख्यासाठी एकदम बेस्ट, फक्त ते कापलेलं पाहिजे. घोट्यापर्यंत गवत असेल तर खालचा खड्डा दिसत नाही. दव पडलेलं असताना साध्या शूजने घसरतं, तेव्हा पहिल्या दोन-तीन धावा हाफ स्पीडने मारून अंदाज घ्या.

मुरूम टाकून रोलर फिरवलेलं मैदान आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतं. चांगलं असतं, पण वर सुटी खडी असेल तर स्टार्टला पाय मागे सरकतो. झाडूने तेवढा ५-१० मीटरचा पट्टा साफ केला तरी भागतं.

काळ्या मातीचं मैदान म्हणजे ऋतूप्रमाणे रंग बदलणारं. पावसाळ्यात चिखल बुटाला किलो-किलोने चिकटतो, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यात स्पाइक (बुटाच्या तळाचा खिळा) अडकतो. दिवाळी ते फेब्रुवारी मात्र मस्त.

सिंथेटिकवर, म्हणजे त्या रबरी लाल ट्रॅकवर, वेग लागतो, ग्रिप मिळते, मोजमाप करायचं टेन्शन नाही. पण पहिल्या दिवसापासून रोज सिंथेटिकवर स्पाइक घालून मारायला लागलात तर पोटऱ्या आणि नडग्या भरून येणारच, आठवड्यातून एक-दोन दिवसांनी सुरुवात करा.

३. मोबाइलवर बघा आणि मग चालत जा

गुगल मॅप्सवर सॅटेलाइट व्ह्यू लावा, आपल्या घराभोवती मोकळे तपकिरी-हिरवे तुकडे शोधा, आणि त्यातच अंतर मोजायचं ऑप्शन असतं त्याने लांबी बघा. तिरकी मोजा. आयताकृती मैदान सरळ ९० भरत असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १०५-११० सहज निघतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

मॅपवर चार-पाच जागा पक्क्या केल्या की प्रत्यक्ष जा, आणि ज्या वेळी पळणार त्याच वेळी जा. रविवारी दुपारी रिकामं दिसणारं मैदान सोमवारी सकाळी साडेसहाला भरतीच्या पोरांनी फुल्ल भरलेलं असतं. गेल्यावर:

- पूर्ण पट्टा एकदा हळू चालत जा आणि एकदा परत या, नजर खाली. बिळं, काचा, दगड, क्रिकेटच्या पिचचा उंचवटा, खो-खोच्या खांबाचे खड्डे, व्हॉलीबॉलच्या पोलचे लोखंडी सॉकेट.
- मैदानावर नुकतंच प्रदर्शन, सभा किंवा लग्न झालं असेल तर मांडवाचे खुंट आणि खिळे हमखास राहिलेले असतात, मातीतून अर्धा इंच वर आलेले. हे सगळ्यात डेंजर. पायाने माती खरवडून बघत चाला.
- उतार डोळ्याला कळत नाही. ऑफिशियल नियमात पळायच्या दिशेने उतार १००० ला १ पेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे १०० मीटरला जेमतेम १० सेंटिमीटर. प्रॅक्टिसला एवढं कडक काही नको. सोपी पद्धत म्हणजे मित्राला स्टॉपवॉच द्या, वारा नसताना तोच ६० मीटरचा पट्टा पुरेशी विश्रांती घेऊन दोन्ही बाजूंनी मारा, टाइममध्ये नेहमीच एका बाजूला चांगला फरक येत असेल तर उतार आहे. मग टाइम घेताना कायम एकाच दिशेने घ्या, नाहीतर उगाच वाटत राहील की आपण सुधारलो.
- अंतर टेपने मोजा. फोनच्या किंवा घड्याळाच्या जीपीएसने १०० मीटर मोजू नका, त्यात काही मीटरचा घोळ नेहमीच असतो आणि स्प्रिंटमध्ये १ मीटर म्हणजे साधारण सेकंदाचा दहावा भाग. पावलांनी मोजणं तर सोडूनच द्या.

४. नाशिकमधल्या जागा

हिरावाडी, पंचवटी. विभागीय क्रीडा संकुल, म्हणजे मीनाताई ठाकरे स्टेडियम. सिंथेटिक ट्रॅक हवा असेल तर आधी इथेच चौकशी करायची. टाइम घ्यायचा असेल, ब्लॉकवरून (स्टार्टला पाय टेकवायचा सांगाडा) स्टार्ट करायचा असेल, २००-४०० चं वळण शिकायचं असेल तर पर्याय नाही. सिडको, सातपूर, नाशिकरोडवाल्यांना लांब पडतं हे खरं. वेळा, पास, फी हे सगळं बदलत असतं, म्हणून कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका, एकदा ऑफिसच्या वेळेत जाऊन विचारून या. स्पर्धा असतील त्या दिवशी ट्रॅक बंद मिळतो, तेही आधीच विचारायचं.

भोसला, म्हणजे भोसला मिलिटरी स्कूल, गंगापूर रोड. नाशिकचे मोठमोठे धावपटू इथल्याच मैदानावर तयार झाले. पण हे संस्थेचं मैदान आहे, गेट उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं नाही. कोचकडे रीतसर नाव घालून यायचं असेल तर वातावरण जबरदस्त. फक्त आधी विचारून घ्या की स्प्रिंटचा ग्रुप आहे का, नाहीतर जायचं १०० साठी आणि महिन्याभरात तुम्ही ५ किलोमीटरच्या ग्रुपमागे धापा टाकताय.

गोल्फ क्लब, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. आतलं मैदान क्रिकेटचं, तिथे रणजीचे सामने होतात, स्प्रिंटसाठी ते आपलं नाही हे धरून चाला. बाहेरचा जॉगिंग ट्रॅक चालणाऱ्यांचा. सकाळी तिथे आजी-आजोबा, गप्पा मारत चार-चार जण एका लाइनीत, लहान पोरं. तिथे फुल्ल स्पीडने पळणं म्हणजे कुणाला तरी आडवं करणं. वॉर्मअपला छान. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, तसंच. जॉगिंग ट्रॅक हा शब्द ऐकून स्प्रिंटसाठी जाऊ नका एवढंच लक्षात ठेवा.

ईदगाह मैदान आणि गंगापूर रोडचं डोंगरे वसतिगृह मैदान. दोन्ही मोठी, मोकळी, मध्यवर्ती, १३० मीटरचा पट्टा आरामात मिळतो. तोटा असा की कधी सभा, कधी प्रदर्शन, कधी आणखी काही, त्यामुळे महिनाभर सलग मिळेलच याची गॅरंटी नाही. आणि वर सांगितलेले मांडवाचे खिळे इथेच लक्षात ठेवायचे.

सिडकोला राजे संभाजी स्टेडियम, नाशिकरोडला शिखरेवाडी मैदान. संध्याकाळी क्रिकेटवाल्यांचं राज्य असतं, एका मैदानावर चार मॅच आणि चारही बॉल तुमच्याच लेनमध्ये. पहाटे जा.

छत्रपती शिवाजी स्टेडियम, सीबीएसजवळ. मधोमध असल्यामुळे क्लासला किंवा कॉलेजला जाता जाता जमतं, पण कार्यक्रम आणि स्पर्धा बघूनच जायचं.

तपोवनकडे मोकळी जागा भरपूर, पण २०२७ चा सिंहस्थ डोक्यात ठेवा. साधुग्रामची जागा, रस्ते, खोदकाम, सगळं बदलत राहणार, आज मोजून ठेवलेला पट्टा पुढच्या महिन्यात तिथे असेलच असं नाही. नवख्याने सध्या तिकडे भरवसा टाकू नये असं माझं मत.

चढावरचे स्प्रिंट मारायचे असतील तर पांडवलेणी किंवा म्हसरूळच्या चामरलेणीच्या पायथ्याला हलका चढ शोधा. २०-३० मीटर पुरे, चढ बेताचाच हवा, वर मारायचं आणि चालत खाली यायचं. पायऱ्यांवरून खाली पळत येणं हा मूर्खपणा आहे, कितीही रील बघितले असतील तरी.

आणि तुमच्या घराजवळची शाळा! मॅपवर तेच सगळ्यात जवळचं मैदान असतं आणि लोक विचारायलाच लाजतात.

५. परवानगी आणि कागदपत्रं

महापालिकेच्या मोकळ्या मैदानावर एकटा-दुकटा पळत असेल तर सहसा कुणी अडवत नाही. दहा-बारा जणांचा ग्रुप, फक्कीने आखणी, ब्लॉक ठोकणं, क्लास चालवणं असं काही करणार असाल तर मात्र आधी विचारा.

शाळेच्या मैदानासाठी पद्धत अशी. पहिल्यांदा वॉचमन काकांशी बोला, फोन काढून व्हिडिओ घेत आत जाऊ नका. "काका, सकाळी सहा ते सात फक्त पळायचंय, क्रिकेट नाही, गाडी बाहेर लावतो" एवढं म्हटलं तरी निम्मं काम होतं, कारण त्यांना भीती काचा फुटायची आणि गाड्या आत यायची असते. मग मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज लिहा: नाव, पत्ता, कोणत्या वेळेत, किती जण, दुखापत झाल्यास जबाबदारी माझी, शाळेच्या कार्यक्रमाच्या दिवशी येणार नाही. पीटीचे सर ओळखीचे असतील तर अर्ज त्यांच्याच हातून द्या, लवकर सही होते.

संकुलाच्या पाससाठी किंवा कोचकडे नाव घालताना साधारण हे लागतं, फाइल करून ठेवा:

- आधारची झेरॉक्स
- पासपोर्ट साइज फोटो, चार-पाच काढूनच ठेवा
- जन्मतारखेचा दाखला (स्पर्धेत वयोगटासाठी पुढे हाच मागतात, म्हणून आत्ताच नाव आणि तारीख आधारशी जुळते का बघा, स्पेलिंगचा फरक असेल तर स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पळापळ होते)
- डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट
- १८ च्या आतले असाल तर पालकांचं संमतीपत्र
- शाळा-कॉलेजचं बोनाफाइड किंवा आयकार्ड

पैसे भरले की पावती घ्या. मैदानावर कुणीतरी येऊन "महिन्याचे द्या, मी बघतो" म्हणाला तर द्यायचे नाहीत, ऑफिसमध्ये भरायचे.

६. वेळ

पहाटे सव्वापाच-साडेपाचला मैदानं भरतीच्या पोरापोरींची असतात. त्यांना टाळू नका, उलट गाठा. पोलीस भरतीच्या ५० मार्कांच्या मैदानी चाचणीत पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, आणि १०० मीटर दोघांनाही १५ मार्कांचं, त्यामुळे त्यांच्याकडे मोजून ठेवलेला १०० चा पट्टा, टेप, शिट्टी, टाइम घ्यायला माणूस हे सगळं आयतं असतं. नीट विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

पण एकदम अंधारात फुल्ल स्प्रिंट नको, जमीन दिसली पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी कशी असते ते सांगायला नको, तेव्हा तासभर उशिरा जा आणि वॉर्मअप डबल करा, थंड पायांनी मारलेला पहिला स्प्रिंटच हॅमस्ट्रिंग नेतो.

पोरींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी: जागा बघताना मीटरच्या आधी बाकीचं बघा. गेटवर माणूस आहे का, लाइट आहेत का, टॉयलेट उघडं असतं का, अजून कुणी पोरी येतात का, घरी परतायचा रस्ता कसा आहे. दोघी-तिघींनी मिळून एकच वेळ धरली की घरून परवानगीही लवकर मिळते. मैदान थोडं छोटं असलं तरी चालेल.

७. ट्रॅकवर गेल्यावर

- घड्याळाच्या उलट दिशेने पळायचं, आतली बाजू डाव्या हाताला.
- लांब पळणारे आतल्या लेनमध्ये फेऱ्या मारत असतात, तुम्ही सरळ भागात बाहेरच्या लेन धरा. काही ठिकाणी कोचची वेगळी पद्धत असते, ती पाळा.
- ट्रॅक ओलांडताना आधी बघा, समोर कुणी आलं तर "ट्रॅक!" किंवा "साइड!" असं ओरडा, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. कानात इअरफोन नको.
- १०० ला सगळ्या लेनची स्टार्ट लाइन एकच असते. २०० आणि ४०० ला प्रत्येक लेनची वेगळी. आठव्या लेनमधून पूर्ण फेरी मारली तर ४०० नाही, ४५३ मीटर होतात, मग टाइम बघून रडू नका.
- फिनिश झाल्यावर आपल्याच लेनमध्ये हळू व्हा, मागून कुणी येत असेल.

८. सामान

५० मीटरचा टेप (फायबरचा घ्या, ग्रुपमध्ये एक पुरतो), थोडी फक्की, चार-सहा कोन नाहीतर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, स्टॉपवॉच मोबाइलचं चालतं. साधे रनिंग शूज पहिले दोन-तीन महिने पुरेत, स्पाइकची घाई नको. घेतलेत तर खिळ्यांची लांबी बघा: सिंथेटिकवर ६ किंवा ७ मिलिमीटर ठेवा, नियमात ९ पर्यंत चालतं पण ट्रॅकवाले बहुतेक वेळा लहानच मागतात. मातीवर ९ ते १२. पाना आणि दोन-चार जादा खिळे बॅगेत असू द्या. क्रिकेटचे स्पाइक किंवा फुटबॉलचे स्टड घालून सिंथेटिकवर पाय ठेवलात तर बाहेर काढतील आणि बरोबरच करतील. मातीवर ब्लॉक लावणार असाल तर लांब खिळे आणि हातोडी, आणि जाताना खिळे मोजून परत काढायचे, ते दुसऱ्याच्या पायात जातात.

९. पावसाळ्याची सोय आत्ताच करून ठेवा

जूनच्या मध्यापासून मातीची मैदानं हातातून जातात, आणि तेव्हा सगळेच सिंथेटिककडे धावतात. म्हणून मे महिन्यातच पासचं बघून ठेवा. ते जमणार नसेल तर पाण्याचा निचरा होणारं मुरमाचं मैदान शोधा, ते कसं ओळखायचं तर जोराचा पाऊस थांबल्यावर दोन तासांनी जाऊन बघायचं, डबकी कुठे साचलीत त्याचा फोटो काढून ठेवायचा. तेही नाही तर शाळेचा शेड किंवा लांब व्हरांडा असेल तिथे नुसते ड्रिल, ए-स्किप (गुडघा वर उचलत उडत चालायचा ड्रिल), उड्या, कोअर (पोट-कमरेचे व्यायाम), एवढ्यावर ते आठवडे काढायचे. ओल्या फरशीवर स्प्रिंट मात्र अजिबात मारायचा नाही. गणपती झाले की मैदान एकदा परत पूर्ण चालून तपासा, पावसात खड्डे नवीन पडलेले असतात आणि मांडव तर गल्लोगल्ली होऊन गेलेले असतात.